चालू सिस्टिममध्ये कॉलमचा टाइप बदलायचा असेल तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या आवृत्ती १४ वर ‘ऑर्डर्स’ नावाचं टेबल आहे, त्यात सुमारे ६० कोटी रो (ओळी) आहेत. प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक रोची ओळख असलेला कॉलम, ‘आयडी’ हा इंटिजर (४ बाइटांचा पूर्णांक) आहे आणि तो १८० कोटींच्या पुढे गेलाय, म्हणून बिगइंट (८ बाइटांचा पूर्णांक) करायचाय. त्याच टेबलात रक्कम ‘रिअल’मध्ये (अंदाजे दशांश) आहे, ती न्यूमरिक (अचूक दशांश) करायची आहे. डिलिव्हरीची तारीख व्हारकारमध्ये, म्हणजे मजकूर म्हणून, आहे, ती डेट करायची आहे. स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) सरळ आल्टर टेबल, म्हणजे टेबलाची रचना बदलणारी कमांड, चालवली तर तासाभरात संपली नाही आणि तेवढा वेळ साधं सिलेक्टसुद्धा (वाचायची क्वेरी) अडकून पडलं. प्रॉडक्शन (ग्राहक वापरतात ती चालू सिस्टिम) बंद ठेवायची सोय नाही. शिवाय एक जुनी सिस्टिम मायएसक्यूएलवर आहे, तिथेही हेच करायचंय.

‘आल्टर टेबल ऑर्डर्स आल्टर कॉलम अमुक टाइप तमुक’ ही कमांड दरवेळी सारखीच दिसते, पण आत ती दोन अगदी वेगळी कामं करू शकते. कधी ती कॅटलॉगमधली (टेबलांच्या रचनेच्या नोंदवहीतली) एक नोंद बदलून मोकळी होते. मग टेबलात हजार रो असोत की शंभर कोटी, काम मिलिसेकंदात होतं. कधी मात्र ती सगळं टेबल नव्या फाइलमध्ये पुन्हा लिहिते आणि त्यावरचे सगळे इंडेक्स (रो पटकन शोधायच्या सूची) नव्याने बांधते. आपला बदल यातल्या कुठल्या गटात बसतो हे कळल्याशिवाय बाकी कुठलाही निर्णय घेता येत नाही, आणि बहुतेक लोक नेमकं हेच न बघता मेंटेनन्स विंडो (सिस्टिम बंद ठेवायची वेळ) मागायला जातात.

पोस्टग्रेसमध्ये व्हारकार ५० चा व्हारकार १०० केला किंवा सरळ टेक्स्ट केला, तर फक्त कॅटलॉग बदलतो. उलट १०० चा ५० केला तर सगळं पुन्हा लिहिलं जातं, आणि एक जरी किंमत ५० अक्षरांपेक्षा लांब निघाली तर कमांड एरर देऊन थांबते. न्यूमरिक १०,२ चा १२,२ करणं फुकट आहे. १२,४ करणं फुकट नाही, कारण दशांशानंतरची घरं बदलली. इंटिजरचा बिगइंट होताना प्रत्येक किंमत ४ बाइटांची ८ बाइटांची होते, त्यामुळे तिथे पळवाट नाही. रिअलचा न्यूमरिक आणि व्हारकारची डेट, दोन्हीकडे तेच. म्हणजे तुमचे तिन्ही बदल महागड्या गटातले आहेत.

पाठ करून ठेवण्यापेक्षा तपासून बघणं सोपं. टेबलाची त्याच रचनेची रिकामी प्रत बनवा, ‘पीजी_रिलेशन_फाइलनोड’ या फंक्शनने तिचा फाइल क्रमांक बघा, आल्टर चालवा, पुन्हा बघा. क्रमांक बदलला असेल तर टेबल नव्याने लिहिलं गेलं. इंडेक्सच्या नावावरही हेच फंक्शन चालतं.

पुन्हा लिहिताना जुनी फाइल कमिट होईपर्यंत (बदल पक्का होईपर्यंत) तशीच राहते, त्यामुळे डिस्कवर टेबल आणि इंडेक्स मिळून जवळजवळ तेवढीच जागा मोकळी लागते. ते सगळं लिखाण वॉलमध्येही (बदलांच्या लॉगमध्येही) जातं, म्हणजे त्यावर चालणाऱ्या रेप्लिका (डेटाबेसच्या प्रती) मागे पडतात. आणि हे चालू असताना टेबलावर ‘ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह’ लॉक असतो. हा पोस्टग्रेसमधला सगळ्यात कडक लॉक. त्यात सिलेक्टही आत येऊ शकत नाही. स्टेजिंगवर तुम्ही पाहिलंत ते हेच.

या लॉकची आणखी एक बाजू आहे आणि ती जास्त लोकांना चावते. समजा बदल फुकटातला आहे, मिलिसेकंदाचा. पण त्याच वेळी कुणीतरी रिपोर्टची वीस मिनिटांची क्वेरी त्या टेबलावर लावून ठेवली आहे. आल्टर त्या क्वेरीमागे थांबतं. त्यानंतर आलेली प्रत्येक क्वेरी, अगदी एका रोचं सिलेक्टही, आल्टरच्या मागे रांगेत उभी राहते. ॲप्लिकेशनचे सगळे कनेक्शन भरतात आणि साइट पडते, प्रत्यक्षात काहीही बदललेलं नसताना. म्हणून प्रॉडक्शनवर कुठलंही आल्टर टेबल चालवण्याआधी त्या सेशनमध्ये ‘लॉक_टाइमआउट’ दोन सेकंदांवर ठेवायचा. लॉक मिळाला तर काम होईल, नाही मिळाला तर कमांड एरर देऊन बाजूला होईल, मग थोड्या वेळाने पुन्हा. हे तुमच्या मायग्रेशन स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीतच असू द्या.

टेबल काही लाख रोंचं असेल तर यापुढचं काही करू नका. रात्री लॉक टाइमआउट लावून सरळ आल्टर चालवा, आणि दोन-तीन कॉलम बदलायचे असतील तर स्वल्पविराम देऊन एकाच आल्टर टेबलमध्ये लिहा, म्हणजे टेबल एकदाच लिहिलं जाईल. पुढची सगळी खटाटोप ६० कोटींसाठी आहे.

आता आयडी. इंटिजरची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७. तुमचा आयडी १८० कोटींपुढे आहे, म्हणजे साधारण ३४ कोटी आकडे उरले. रो मात्र ६० कोटीच आहेत. जुने रो डिलीट केले असतील तर हिशेब लागतो. नसतील तर कोड तपासा: ‘इन्सर्ट ऑन कॉन्फ्लिक्ट’ (रो आधीच असेल तर एरर न देणारं इन्सर्ट) वापरलं की रो आत गेला नाही तरी सीक्वेन्सचा (पुढचा आयडी देणाऱ्या गणकाचा) आकडा खर्च होतो, रोलबॅक झाला (बदल मागे घेतला) तरी होतो. रोज किती ऑर्डर येतात त्यावरून मुदत काढू नका. आज सीक्वेन्सची किंमत किती आहे आणि आठवड्यापूर्वी किती होती, त्यावरून काढा. ही मुदत कळली की किती घाई करायची ते ठरेल.

मर्यादा गाठली की काय होतं याचं जाहीर उदाहरण आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये बेसकॅम्प ३ सुमारे पाच तास फक्त वाचता येत होतं, नवीन काही लिहिता येत नव्हतं. त्यांच्या इव्हेंट्स टेबलाचा आयडी नेमका याच आकड्यावर येऊन थांबला होता. रूबी ऑन रेल्स ज्या कंपनीतून आलं तीच ही कंपनी, आणि रेल्समध्ये नवीन टेबलांची प्रायमरी की आपोआप बिगइंट होण्याची सोय २०१७ मध्ये, ५.१ पासून आलेलीच होती. पण ती नव्या टेबलांसाठी. जुनी टेबलं कुणीतरी हाताने बदलेपर्यंत इंटिजरच राहतात.

चालू टेबलावर हे करायची पद्धत अशी: जुन्या कॉलमला हात न लावता शेजारी नवा कॉलम उभा करायचा, तो हळूहळू भरायचा, आणि शेवटी क्षणभरात नावांची अदलाबदल करायची.

‘आयडी_नवा’ असा बिगइंट कॉलम जोडा, नल (रिकामी किंमत) चालणारा, डिफॉल्ट न देता. हे फक्त कॅटलॉगचं काम. मग एक ट्रिगर लावा, इन्सर्ट किंवा अपडेट होण्याआधी आपोआप चालणारा कोड, जो आयडीची किंमत आयडी_नवामध्ये टाकेल. आता नवीन येणारं सगळं दोन्हीकडे जातंय, राहिले ते जुने रो. ते आयडीच्या पल्ल्याने पाच-दहा हजारांच्या तुकड्यांत भरा आणि प्रत्येक तुकड्यानंतर कमिट करा. लिमिट-ऑफसेट (‘इतके रो सोडून पुढचे इतके’) वापरू नका, पुढे पुढे प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा हळू होत जातो. मध्ये जरा श्वास घ्या, रेप्लिका किती मागे आहे ते बघा, मग पुढचा तुकडा.

इथे ऑटोव्हॅक्युमकडे (मेलेले रो साफ करणाऱ्या प्रक्रियेकडे) लक्ष द्या. पोस्टग्रेसमध्ये अपडेट म्हणजे रोची नवी आवृत्ती लिहिणं, जुनी तिथेच मेलेली पडून राहते. ऑटोव्हॅक्युम साधारण टेबलाचे २० टक्के रो मेल्यावर जागा होतो. ६० कोटींचे २० टक्के म्हणजे १२ कोटी मेलेले रो साचेपर्यंत कुणी झाडू हातात घेणार नाही, आणि तोवर टेबल फुगत राहील. भरायला सुरुवात करण्याआधी फक्त या टेबलासाठी ‘ऑटोव्हॅक्युम_व्हॅक्युम_स्केल_फॅक्टर’ ०.०१, म्हणजे १ टक्का, करा. नव्या कॉलमवरचा इंडेक्स सगळे रो भरून झाल्यावरच बांधा. आधी बांधलात तर प्रत्येक अपडेटमध्ये सगळ्या इंडेक्सना नवी नोंद द्यावी लागेल.

प्रत्येक रोला तुम्ही एकदा हात लावणारच आहात, तर रक्कम आणि तारीख यांचे नवे कॉलमही आत्ताच जोडा आणि तिन्ही एकाच फेरीत भरा. ६० कोटी रो तीनदा फिरण्यात अर्थ नाही. अट एकच: आयडीची मुदत जवळ असेल तर तारखांच्या साफसफाईपायी त्याला अडवून ठेवू नका. तारखा थांबू शकतात, आयडी थांबणार नाही.

भरून झालं की आयडी_नवावर युनिक इंडेक्स ‘कॉन्करंटली’ (लिहिणाऱ्यांना न अडवता) बांधा. हा ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, आणि मध्ये फसला तर निकामी इंडेक्स मागे ठेवून जातो. तो काढून पुन्हा सुरू करायचं. मग नॉट नल. सरळ ‘सेट नॉट नल’ केलं तर कडक लॉक धरून सगळं टेबल वाचलं जाईल. त्याऐवजी ‘आयडी_नवा नल नाही’ असं चेक बंधन ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून जोडा, नंतर वेगळ्या कमांडने ‘व्हॅलिडेट’ करा. ते वाचन लिहिणाऱ्यांना अडवत नाही. आवृत्ती १२ पासून पोस्टग्रेस हे बंधन बघून सेट नॉट नलच्या वेळी टेबल पुन्हा वाचत नाही. म्हणून १४ वर ही युक्ती चालते.

चाइल्ड टेबलं, म्हणजे ज्यांत या टेबलाचा आयडी वापरलेला असतो ती, विसरू नका. ‘ऑर्डर_आयटम्स’मधला ऑर्डर_आयडी इंटिजरच असेल, तर मुख्य टेबल बिगइंट करूनही मर्यादेपुढची पहिली ऑर्डर आयटमपाशी फुटेल. सगळी चाइल्ड टेबलं आधी करा. पोस्टग्रेसमध्ये बिगइंट चाइल्ड इंटिजर पॅरेंटकडे (मुख्य टेबलाकडे) बोट दाखवू शकतो, त्यामुळे मधल्या काळात काही बिघडत नाही. पॅरेंटचा नवा युनिक इंडेक्स तयार झाला की चाइल्डच्या फॉरेन की (पॅरेंटमध्ये तो आयडी असलाच पाहिजे अशी बंधनं) त्याच्यावर नव्याने लावा, पुन्हा नॉट व्हॅलिड आणि नंतर व्हॅलिडेट, आणि जुन्या काढून टाका. त्या जुन्या प्रायमरी कीला धरून राहिल्या तर ती काढताच येणार नाही. कॅस्केड लावून (अवलंबून असलेलं सगळं सोबत उडवून) काढायचा मोह होईल, तो टाळा. काय काय उडालं ते नंतर शोधत बसावं लागतं.

अदलाबदल एका ट्रान्झॅक्शनमध्ये: लॉक टाइमआउट लावा, टेबलावर लॉक घ्या, ट्रिगर काढा, जुनी प्रायमरी की काढा, आयडीचं नाव आयडी_जुना आणि आयडी_नवाचं नाव आयडी करा, तयार इंडेक्स वापरून प्रायमरी की लावा, सीक्वेन्सची मालकी नव्या कॉलमकडे द्या, नव्या कॉलमला नेक्स्टव्हॅलचं (सीक्वेन्सच्या पुढच्या आकड्याचं) डिफॉल्ट द्या, कमिट करा. यात दोन गोष्टी हमखास राहतात. एक, आयडी_जुना हा अजून नॉट नल आहे. प्रायमरी की काढली तरी पोस्टग्रेस १४ मध्ये नॉट नल तसंच राहतं. त्यात आता कुणी काही भरणार नाही, त्यामुळे नॉट नल आणि डिफॉल्ट दोन्ही याच ट्रान्झॅक्शनमध्ये काढले नाहीत तर कमिटनंतरचं पहिलंच इन्सर्ट पडेल. दोन, सीक्वेन्स. आवृत्ती १० पासून सीरियल (सीक्वेन्समधून आपोआप आकडा घेणाऱ्या) कॉलमचा सीक्वेन्सही इंटिजर टाइपचा बनतो. कॉलम बिगइंट झाला तरी सीक्वेन्स २१४ कोटींवर अडेलच. ‘आल्टर सीक्वेन्स ॲज बिगइंट’ हवंच. कॉलम ‘जनरेटेड ॲज आयडेंटिटी’ (आपोआप आकडा द्यायची दुसरी पद्धत) असेल तर मालकी हलवता येत नाही. तिथे जुन्यावरची आयडेंटिटी काढून नव्यावर योग्य आकड्यापासून पुन्हा लावावी लागते.

व्ह्यूंचा (टेबलासारख्या वापरायच्या साठवलेल्या क्वेरींचा) घोळ वेगळा. सरळ टाइप बदलताना व्ह्यू असला तर पोस्टग्रेस स्पष्ट नकार देतो, ते बरं. पण अदलाबदलीत एररच येत नाही. व्ह्यू कॉलमला नावाने ओळखत नाही, टेबलातल्या त्याच्या क्रमांकाने ओळखतो. नाव बदललं तरी व्ह्यू जुन्याच कॉलमकडे बघत राहतो, आणि नव्या ऑर्डरींसाठी रिपोर्टमध्ये आयडी नल दिसू लागतो. त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये व्ह्यू काढून नव्याने बनवा. नवा कॉलम टेबलाच्या शेवटी जातो हेही लक्षात असू द्या. कॉलमांची नावं न देता इन्सर्ट करणारी एखादी जुनी स्क्रिप्ट कुठेतरी असतेच.

मुदत आठवड्यांवर आली असेल आणि हे सगळं बसणार नसेल, तर एक तात्पुरती सोय आहे. सीक्वेन्सची किमान मर्यादा उणे २१४ कोटींवर नेऊन तिथून चढत्या क्रमाने सुरू करायचा. इंटिजरची ऋण बाजू कोरी पडलेली असते, ती वापरून वेळ मिळतो. दिसायला विचित्र आहे, आणि आयडीने उलटा क्रम लावून ‘ताज्या ऑर्डरी’ दाखवणारं प्रत्येक पान चुकेल. पण इन्सर्ट चालू राहतील.

तुम्ही तसंही आवृत्ती बदलायच्या विचारात असाल तर लॉजिकल रेप्लिकेशन (रोंमधले बदल दुसऱ्या सर्व्हरवर पाठवत राहणं) बघा. नव्या सर्व्हरवर कॉलम आधीच बिगइंट ठेवता येतो, दोन्हीकडचे टाइप सारखे असण्याची सक्ती नाही, मजकूर म्हणून एकाची किंमत दुसऱ्यात बसली की झालं. मग अपग्रेड आणि टाइप एकाच वेळी उरकतात.

डेटाबेसच्या बाहेरही बघायला हवं. जावात त्या किमतीसाठी इंट वापरला असेल तर तो लाँग हवा. नोडमध्ये पोस्टग्रेसचा नेहमीचा ड्रायव्हर बिगइंट स्ट्रिंग म्हणून परत देतो, कारण जावास्क्रिप्टचा आकडा ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ च्या पुढे अचूक राहत नाही. त्यामुळे कुणी आयडीत एक मिळवत असेल तर १० आणि १ चे १०१ होतील. आणि टाइप बदलताच जुने प्रिपेअर्ड स्टेटमेंट (आधीच तयार करून ठेवलेल्या क्वेरी) ‘कॅश्ड प्लॅनचा रिझल्ट टाइप बदलू शकत नाही’ अशा अर्थाची एरर देऊ लागतात. कनेक्शन पूल (उघडी ठेवलेली कनेक्शनं) ताजा केला की ती जाते, पण मध्यरात्री पहिल्यांदा दिसली तर घाबरायला होतं.

रकमेकडे येऊ. रिअल हा पैशांसाठी मुळातच चुकीचा टाइप, सहा-सात आकड्यांपुढे तो अंदाजे असतो. पण तो बदलताना आणखी नुकसान करून घेता येतं. पोस्टग्रेसमध्ये रिअलवरून थेट न्यूमरिककडे गेलात की सहाच सार्थ अंक शिल्लक राहतात. १२,३४,५६७.८९ ही रक्कम रिअलमध्ये ठेवली की आत १२,३४,५६७.८७५ असते, दीड पैसा इकडे-तिकडे. तिचा थेट न्यूमरिक केला तर १२,३४,५७० होतात! म्हणून आधी डबल प्रिसिजन (रिअलचाच जास्त अचूक प्रकार), मग न्यूमरिक, मग दोन घरांना राउंड, या वाटेने जा. १२,३४,५६७.८८ मिळतील. मूळचा ८९ मात्र तो रो लिहिला त्याच दिवशी गेला, तो कुठल्याही रूपांतराने परत येणार नाही. पेमेंट गेटवेच्या किंवा बँकेच्या नोंदी हाताशी असतील तर मोठ्या रकमा तिथून जुळवा. पूर्णांकाकडे जाणाऱ्यांसाठी आणखी एक खाच: २.५ डबल प्रिसिजनमधून इंटिजर केला तर २ होतो, न्यूमरिकमधून केला तर ३. राउंड करायचे नियम दोघांचे वेगळे आहेत.

तारखेचं काम तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात सोपं आणि प्रत्यक्षात सगळ्यात वेळखाऊ. मजकुराची डेट पोस्टग्रेस आपणहून करत नाही. रूपांतर कसं करायचं ते ‘युझिंग’ देऊन सांगावं लागतं, आणि तेही ‘टू_डेट’ फंक्शनला दिवस-महिना-वर्ष हा क्रम देऊन. नुसतं कास्ट केलं (क्रम न सांगता टाइप बदलला) तर ०१/०२/२०२३ ही १ फेब्रुवारी की २ जानेवारी, हे त्या सेशनच्या ‘डेटस्टाइल’वर ठरतं. तुमच्या लॅपटॉपवर एक आणि सर्व्हरवर दुसरं. १२ तारखेपर्यंतच्या सगळ्या तारखा अशा गपचूप उलटतात. १३ तारीख आली की निदान एरर तरी येते.

रूपांतराआधी कॉलमात खरंच काय आहे ते बघा. लांबीनुसार आणि आकाराप्रमाणे गट पाडून मोजा: अंकांच्या जागी एकच खूण टाका, ग्रुप बाय करा, आणि पहिले पन्नास आकार वाचा. ‘खूण/खूण/खूण’ सोबत ‘खूण-खूण-खूण’ निघेल, रिकामी स्ट्रिंग निघेल, नुसत्या स्पेस निघतील, ‘उद्या’ आणि ‘लवकरच’ही निघेल. आपल्याकडच्या फॉर्मांवर आणखी एक प्रकार हमखास असतो, देवनागरी आकड्यांत लिहिलेली तारीख. माणसाला ती बरोबर दिसते, पोस्टग्रेसला ती तारीख वाटत नाही. ‘ट्रान्सलेट’ फंक्शनने दहा देवनागरी अंकांच्या जागी इंग्रजी अंक टाका, मग पुढे. हे तपासताना पॅटर्नमध्ये ‘कुठलाही अंक’ असा आखूड संकेत वापरू नका, कोलेशनप्रमाणे (डेटाबेसच्या भाषेच्या सेटिंगप्रमाणे) त्यात देवनागरी अंक येतील किंवा येणार नाहीत. इंग्रजी शून्य ते नऊ असा उघड पल्ला लिहा. रिकाम्या स्ट्रिंगा ‘नलइफ’ने नल करा, पण ‘तारीख माहीत नाही’ आणि ‘तारीख लागू नाही’ यातला फरक धंद्याला लागतो का ते आधी विचारून घ्या. एकदा नल झालं की तो फरक गेला.

३१ फेब्रुवारीसारख्या तारखा पॅटर्नमधून सुटतात. आवृत्ती १० पासून टू_डेट त्यावर एरर देतं. त्याआधीच्या आवृत्त्या ती गुपचूप मार्चमध्ये ढकलत, तेव्हा जुनी मायग्रेशन स्क्रिप्ट कुठून उचलली असेल तर तिच्या निकालावर विसंबू नका. आवृत्ती १६ मध्ये एखादी किंमत अमुक टाइपमध्ये बसते का हे आधी विचारणारं फंक्शन आलंय. १४ वर ते नाही, म्हणून एरर पकडून नल देणारं छोटं फंक्शन लिहावं लागेल. ते हळू चालतं. सगळ्या ६० कोटींवर नको, पॅटर्नमध्ये न बसलेल्या आणि महिन्याच्या २९, ३०, ३१ तारखांवर लावा. ट्रिगरमध्येही तारखेचं रूपांतर एरर देऊन इन्सर्ट पाडणार नाही असंच लिहा, नाहीतर एका ‘लवकरच’पायी ऑर्डर अडकेल.

तुम्ही विचारलं नाहीत, पण असं टेबल असेल तर ‘टाइमस्टॅम्प’चा ‘टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन’ हा बदलही केव्हातरी येईल. नुसता टाइप बदलला तर जुन्या किमती सेशनच्या टाइम झोनमधल्या धरल्या जातात. किमती भारतीय वेळेत साठवलेल्या आणि सेशन यूटीसीमध्ये असेल, तर सगळा इतिहास साडेपाच तासांनी सरकतो, एररशिवाय. युझिंगमध्ये ‘ॲट टाइम झोन एशिया/कोलकाता’ लिहा. किमती खरोखर यूटीसीत असतील तर सेशन यूटीसीत ठेवून बदल करा. आवृत्ती १२ पासून त्या एका परिस्थितीत टेबल पुन्हा लिहिलंही जात नाही.

सरळ आल्टर केलं असेल तर त्यानंतर ‘ॲनलाइझ’ चालवा. टाइप बदलला की त्या कॉलमची आकडेवारी पुसली जाते आणि प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) काही काळ आंधळेपणाने प्लॅन काढतो. नव्या कॉलमच्या वाटेनेही अदलाबदलीआधी ॲनलाइझ हवंच. जुना कॉलम काही दिवस ठेवा, मग काढा. काढल्यावर डिस्क लगेच मोकळी दिसणार नाही. तो फक्त अदृश्य होतो, जागा रो पुन्हा लिहिले जातील तशी सुटते.

मायएसक्यूएलमध्ये हिशेब बदलतो. तिथे टाइप बदलणं नेहमी टेबलाची प्रत करूनच होतं. त्या काळात वाचता येतं, लिहिता येत नाही. व्हारकार वाढवणं मात्र जागच्या जागी होतं, जर लांबीची नोंद ठेवायला लागणारे बाइट बदलत नसतील: २५५ बाइटांपर्यंत एक, त्यापुढे दोन. इथे अक्षरं नव्हे, बाइट मोजायचे. यूटीएफ८एमबी४ या अक्षरसंकेतात एका अक्षराला कमाल ४ बाइट धरतात, म्हणजे ६३ अक्षरांपर्यंत एक गट आणि ६४ पासून दुसरा. ५० चे ६० करणं फुकट, ५० चे १०० करणं पूर्ण प्रत. कमांडच्या शेवटी ‘अल्गोरिदम=इनप्लेस’ लिहा. जमत नसेल तर ती काम सुरू करण्याआधीच नकार देईल.

‘मॉडिफाय कॉलम’मध्ये सगळी व्याख्या पुन्हा लिहावी लागते. नुसतं ‘बिगइंट’ लिहिलंत तर नॉट नल, डिफॉल्ट, कॉमेंट आणि ऑटो इन्क्रिमेंट निघून जातात. ‘शो क्रिएट टेबल’मधून जुनी ओळ उचला आणि त्यात फक्त टाइप बदला. फॉरेन कीच्या दोन्ही बाजूंचे पूर्णांक टाइप इथे सारखेच लागतात, पोस्टग्रेससारखी चाइल्ड टेबलं आधी करायची सवलत नाही. पोस्टग्रेसमध्ये आल्टर टेबल ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळून रोलबॅक करता येतं. इथे ते आपोआप कमिट होतं, आधीचं चालू ट्रान्झॅक्शनही सोबत कमिट करून.

आणि एसक्यूएल मोड बघा. मायएसक्यूएल ५.७ पासून कडक मोड (न बसणारी किंमत एरर देऊन नाकारणारा) आपोआप चालू असतो, पण जुन्या सिस्टिमवर कुणीतरी तो बंद केलेला असण्याची शक्यता दाट. बंद असेल तर मजकुराचा आकडा करताना सुरुवातीचे अंक घेतले जातात आणि बाकी सोडून दिलं जातं. १,२५,००० या स्वल्पविरामांसकट लिहिलेल्या रकमेचा १ होतो. गट क्रमांक ४५/१/ब चा ४५ होतो. फक्त वॉर्निंग येते, आणि वॉर्निंग कोण वाचतं? मायग्रेशनच्या सेशनपुरता तरी कडक मोड चालू करा. बँक खात्याचा क्रमांक, मोबाइल नंबर, गट क्रमांक यांची कधी बेरीज करत नाही, तेव्हा ते मजकूरच राहू द्यावेत. खाते क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य एकदा आकड्यात गेले की परत येत नाहीत.

मोठ्या टेबलासाठी तिथे पर्कोनाचं ‘पीटी-ऑनलाइन-स्कीमा-चेंज’ किंवा गिटहबचं ‘घोस्ट’ वापरतात. दोन्ही शेजारी नवं टेबल बांधून शेवटी नाव बदलतात. पहिलं ट्रिगरवर चालतं, दुसरं बिनलॉग (मायएसक्यूएलचा बदलांचा लॉग) वाचून. घोस्टमुळे चालू ट्रॅफिकवर ताण कमी येतो आणि ते मध्येच थांबवता येतं, पण फॉरेन की असलेल्या टेबलांना ते हात लावत नाही. जुन्या सिस्टिममध्ये फॉरेन की असतील तर पर्कोनाचंच घ्या.

इतर डेटाबेसवाल्यांसाठी एकेक ओळ. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘आल्टर कॉलम’ लिहिताना नॉट नल पुन्हा लिहा, नाहीतर कॉलम नल स्वीकारायला लागू शकतो. ओरॅकलमध्ये भरलेल्या कॉलमचा टाइप वेगळ्या जातीचा करता येत नाही, आधी कॉलम रिकामा हवा. तिथे व्हारकार२ ची लांबी मूळ सेटिंगमध्ये बाइटांत असते आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट लागतात, म्हणून ‘महाराष्ट्र’ या एका शब्दाला ३० लागतात. एसक्यूएलाइटमध्ये टाइप बदलायची कमांडच नाही, नवं टेबल बनवून डेटा हलवायचा.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवीन: आज सीक्वेन्सचा वेग मोजा. या आठवड्यात तारखांचे आकार मोजायला एक जण बसवा. तोवर दुसऱ्याने स्टेजिंगवर चाइल्ड टेबलांपासून अदलाबदलीपर्यंतची रंगीत तालीम करावी, चालू ट्रॅफिकची नक्कल लावून, नाहीतर लॉकच्या रांगा दिसणारच नाहीत. आणि ‘पीजी_सीक्वेन्सेस’ या व्ह्यूमधून बाकीच्या सगळ्या सीक्वेन्सच्या ताज्या किमती काढून त्यांच्या कॉलमांच्या टाइपशी ताडून बघा. आवृत्ती १० च्या आधी बनलेले सीक्वेन्स बिगइंटच असतात, त्यामुळे सीक्वेन्समध्ये भरपूर जागा दिसते आणि मागचा कॉलम मात्र इंटिजर निघतो. ऑर्डरी इतक्या असतील तर लॉग किंवा नोटिफिकेशनचं टेबल त्यांच्याही पुढे गेलेलं असण्याची शक्यता बरीच आहे.